फुंकर मारली, पुढे काय?

"नळीत फुंकर मारा, कॅन्सर ओळखा" असा एक व्हिडिओ सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तो एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्या वेळी त्याखाली एका ताईंनी लिहिले, "हे मशीन आपल्या विहारात कधी आणणार?" या ताईंच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी जबड्याच्या कॅन्सरने गेल्या. त्यामुळे प्रश्नावर अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे होणे आम्हाला जमले नाही. आम्ही त्यांना म्हटले, जरा वाचतो, विचारतो आणि मग सांगतो. ते सांगणे इथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न एका ग्रुपपुरता राहिलेला नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. व्हिडिओची भाषा भडक असली तरी त्यामागचे विज्ञान खोटे नाही. श्वासावरून शरीराचे काही कळते हे आपल्याला नवीन नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलीस नळीत फुंकायला लावतात. पोटातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूसाठी श्वासाची तपासणी अनेक वर्षे दवाखान्यांत होते आहे. पण या दोन्ही ठिकाणी यंत्र एकाच ठरावीक पदार्थाच्या मागावर असते. कॅन्सरचे तसे नाही. कॅन्सरचा असा एकच वास नसतो.

१९७१ मध्ये लायनस पॉलिंग या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने माणसाच्या श्वासात सुमारे अडीचशे वेगवेगळे पदार्थ सापडतात असे दाखवले. पुढे तपासण्याची साधने सुधारली आणि हा आकडा वाढत गेला. यातले बरेचसे पदार्थ हवेत सहज उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ आहेत. पेशींचे कामकाज बिघडले की यातले काही वाढतात, काही कमी होतात. ते रक्तातून फुप्फुसात येतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. प्रमाण मात्र अतिशय सूक्ष्म, अब्जात काही भाग इतकेच. माणसाच्या नाकाला ते कळणे शक्य नाही.

इथे नॅनोकणांचे काम सुरू होते. इस्राएलमधील हैफा शहरातल्या टेक्निऑन या संस्थेत प्रा. होसाम हायक यांच्या गटाने सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे संवेदक बनवले. हा कण सुमारे पाच नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. कणांवर सेंद्रिय रेणूंचा एक थर चढवतात आणि असे कण शेजारी शेजारी पसरून त्यांतून वीज सोडतात. श्वासातला एखादा पदार्थ त्या थरात मुरला की भिजवलेली मटकी फुगावी तसा थर फुगतो. कण एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि वीज वाहायला अडथळा वाढतो. तो अडथळा मोजायचा. एका संवेदकाने काम होत नाही, म्हणून वेगवेगळे थर चढवलेले अनेक संवेदक एकत्र लावतात आणि त्या सगळ्यांच्या आकड्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. मग संगणकाला शिकवायचे की हा ठसा आजारी माणसाचा आणि हा निरोगी माणसाचा.

हायक हे नाझरेथचे, इस्राएलमधल्या अरब अल्पसंख्याक समाजातले. २०१४ मध्ये त्यांनी नॅनोतंत्रज्ञानाचा ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीबरोबर अरबीतही शिकवला. आपल्या लोकांच्या भाषेत वरचे विज्ञान नेणारा माणूस म्हणून आम्हाला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आपल्याकडे मराठीतून असे शिकवणारे प्राध्यापक किती, हा विषय वेगळा, पण मनात आला म्हणून लिहिला.

या गटाचा फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा शोधनिबंध २००९ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात आला. नंतर स्तन, आतडे, प्रोस्टेट, जठर अशा इतर कॅन्सरवरही काम झाले. ज्या आकड्याची सर्वांत जास्त बातमी झाली तो २०१७ च्या 'एसीएस नॅनो'मधला आहे: १,४०४ माणसे, १७ आजार आणि सरासरी ८६ टक्के अचूकता. व्हिडिओतही हाच आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो.

८६ टक्के म्हटले की आपल्याला परीक्षेतले गुण आठवतात आणि डिस्टिंक्शन मिळाल्यासारखे वाटते. इथेच थोडे थांबून हिशेब करायला हवा. त्या अभ्यासात ८१३ जण आजारी होते आणि ५९१ जण निरोगी. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना आजार आहे हे आधीच माहीत होते. वस्तीत असे नसते. समजा, आपण दहा हजार लोकांना फुंकर मारायला लावली आणि त्यातल्या तीस जणांना खरोखर कॅन्सर आहे. यंत्र आजारी आणि निरोगी दोघांनाही ८६ टक्के वेळा बरोबर ओळखते असे धरू. तीसपैकी साधारण २६ सापडतील, चार सुटतील. उरले ९,९७० निरोगी लोक. त्यांतल्या शंभरातल्या चौदा जणांना यंत्र चुकून आजारी ठरवेल, म्हणजे सुमारे १,४०० माणसे. खऱ्या एका रुग्णामागे पन्नासहून जास्त निरोगी माणसांना आपण सांगणार की तुमच्या श्वासात कॅन्सरची लक्षणे आहेत, पुढे तपासा.

हा आकड्यांचा खेळ नाही. या १,४०० माणसांना आपण नावाने ओळखतो. त्यात हातगाडी ओढणारा आहे, चार घरची धुणीभांडी करणारी आहे, कंत्राटावर झाडू मारणारा आहे. प्रत्येकाला सीटी स्कॅन, दुर्बिणीतून तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवणे. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. आणि रिपोर्ट येईपर्यंत घरातल्यांनी अन्न गोड न लागता काढलेले दिवस कोणत्याच तक्त्यात मोजले जात नाहीत.

प्रत्येक श्वासतपासणी इतकी सैल असते असेही नाही. याच गटाने मुख्यतः लॅटव्हियातल्या ४८४ जणांवर जठराच्या कॅन्सरसाठी केलेल्या अभ्यासात निरोगी माणसाला चुकून आजारी ठरवण्याचे प्रमाण शंभरात दोन इतके कमी आले. पण खऱ्या रुग्णांपैकी ७३ टक्केच सापडले. एक बाजू घट्ट केली की दुसरी ढिली होते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने वेगळ्या यंत्राने ३३५ जणांवर केलेल्या चाचणीत अन्ननलिका आणि जठराच्या कॅन्सरसाठी दोन्ही बाजू ८० टक्क्यांच्या आसपास आल्या. केंब्रिजमध्ये २०१९ मध्ये पंधराशे जणांचा श्वास गोळा करण्याचा मोठा अभ्यास सुरू झाला. काम गंभीरपणे चालले आहे. तरीही लक्षणे नसलेल्या सगळ्या जनतेने कॅन्सरसाठी श्वासाची तपासणी करून घ्यावी, अशी शिफारस आजवर कोणत्याही देशाच्या आरोग्य यंत्रणेने केलेली नाही. व्हिडिओ हे सांगत नाही.

दुसरा प्रश्न आम्हाला याहून जास्त छळतो. यंत्र शिकले ते कोणाच्या श्वासावर? २०१७ च्या त्या अभ्यासातले लोक इस्राएल, फ्रान्स, अमेरिका, लॅटव्हिया आणि चीनचे होते. भारत त्यात नाही. श्वासात फक्त आजार उतरत नाही. काय खाल्ले, कोणते औषध चालू आहे, खोलीतली हवा कशी आहे, तंबाखू किती, हे सगळे उतरते. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी साधारण एक जण तंबाखू वापरतो आणि त्यातले बहुतेक सिगारेट ओढणारे नाहीत, चघळणारे आहेत. मशेरी, खर्रा, गुटखा, चुना-तंबाखू. पॅरिसच्या दवाखान्यातल्या माणसाच्या श्वासात मशेरी नसते. चुलीपुढे दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई, डम्पिंगवर कचरा वेचणारा, ड्रेनेजच्या चेंबरपाशी काम करणारा सफाई कामगार, यांच्या श्वासात त्यांचे काम मिसळलेले असते. आपल्याकडे क्षयरोगही आहे. यातल्या एकाही श्वासावर न शिकलेले यंत्र आपल्या वस्तीत आणले तर ते काय ओळखेल? कदाचित ते आपली गरिबीच कॅन्सर म्हणून ओळखेल.

मग हे सगळे नकोच का? असे म्हणणे आम्हाला पटत नाही. ज्यांनी वस्तीत आरोग्य शिबिरे घेतली आहेत त्यांना माहीत आहे की तपासणीच्या टेबलावर झोपायला बायका किती संकोचतात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीचे नाव काढले की निम्म्या जणी "नंतर येते" म्हणून जातात त्या येत नाहीत. फुंकर मारायला कपडे काढावे लागत नाहीत, सुई टोचत नाही, पुरुष डॉक्टर असला तरी अडत नाही. शिवाय फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे गरिबाला परवडेल अशी तपासणीच नाही. अमेरिकेत अतिधूम्रपान करणाऱ्या ५३ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. पण दरवर्षी सीटी स्कॅन कोण करणार? आणि जुन्या क्षयाचे डाग फुप्फुसावर असलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये डाग कशाचा हे ठरवतानाच नाकी नऊ येतात. आपल्याकडे खोकला म्हटला की आधी टीबीचे औषध सुरू होते आणि कॅन्सर कळतो तेव्हा हातात फार काही राहिलेले नसते. अशा ठिकाणी एक स्वस्त, विश्वासू श्वासतपासणी खरोखर माणसे वाचवू शकेल. म्हणूनच ती विश्वासू आहे की नाही हे कडकपणे विचारले पाहिजे. 'ये आणि पाहा' म्हणणाऱ्या परंपरेतल्या लोकांनी निदान यंत्राच्या बाबतीत तरी आधी माना डोलवू नयेत.

कडकपणे म्हणजे कसे? यंत्र किती अचूक, हा पहिला प्रश्न झाला. खरा प्रश्न असा की त्या तपासणीमुळे मरणारी किती माणसे वाचली. लवकर सापडणे आणि वाचणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे पचायला जड जाते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी अनेक वर्षे करून पाहिली. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले. रक्ततपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात जास्त सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीमुळे थायरॉइडच्या कॅन्सरचे निदान १९९३ ते २०११ या काळात पंधरा पटींनी वाढले, मृत्यू तेवढेच राहिले. ज्यांना त्या गाठीने कधीच त्रास झाला नसता अशा हजारो माणसांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि जन्मभर गोळ्या लागल्या.

तपासणीने मृत्यू खरोखर कमी होतात याचे जगातले भक्कम पुरावे शोधायला गेलो, तर त्यातले दोन आपल्या घरचे निघाले. आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनाही हे फारसे ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. १९९९ साली सुरू झालेल्या या अभ्यासात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, काही गटांत दुसऱ्या पद्धती वापरल्या आणि एका गटाची तपासणी केलीच नाही. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ स्त्रिया दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले आणि जगभरात या कॅन्सरच्या तपासणीची दिशा बदलली.

दुसरा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, टाटा मेमोरियलचा. सुमारे दीड लाख स्त्रिया. इथे तपासणी अगदी साधी, ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचाच प्रकार, लावून उघड्या डोळ्यांनी पाहायचे. नर्सताई तिला 'व्हाया' म्हणतात. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. उस्मानाबादेत याच व्हायाच्या एका फेरीने विशेष फरक पडला नव्हता. मुंबईत फरक पडला तो सेविका पुन्हा पुन्हा त्याच दारात गेल्या म्हणून, असे आम्हाला वाटते. सोन्याचे कण नाहीत, संगणक नाही. एक बाटली, कापूस, टॉर्च आणि परत येणारी बाई.

या यशाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. तपासणीचा फायदा मोजायचा म्हणून ज्या स्त्रियांची तपासणी केलीच नाही, त्यांचे काय? मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतला दिंडीगल, या तीन अभ्यासांत अशा १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यातल्या २५४ जणी या कॅन्सरने मरण पावल्या, हा हिशेब २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये मांडला गेला. संशोधकांचे म्हणणे होते की भारतात तशीही तपासणी होतच नव्हती, मग न केलेली तपासणी हीच इथली प्रचलित सेवा. समाजशास्त्र शिकताना आम्ही अशी वाक्ये नुसती वाचली होती. वस्तीत काम करायला लागल्यावर त्यांचा अर्थ कळला. तुम्हाला आधीच काही मिळत नव्हते, म्हणून तुम्हाला काही न देणे यात वावगे काही नाही. मुंबईच्या झोपडपट्टीत कोण राहते आणि मराठवाड्याच्या गावात वेशीबाहेर कोण राहते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

पुरावा आपल्या बायकांनी दिला. मग तपासणी तरी त्यांच्यापर्यंत परत आली का? २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीच्या पुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायचे ठरवले. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक फॉर्म भरतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. स्तनाची तपासणी झालेली शंभरात एकही नाही. तोंडाची तर त्याहून मोठी गंमत आहे. त्यासाठी फक्त टॉर्च लागतो. केरळमध्ये सुमारे एक लाख ९२ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात आरोग्यसेवकांनी तोंडात डोकावून पाहिल्यामुळे तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, हे २००५ पासून सर्वांना माहीत आहे. आणि तरी आपल्या देशात ज्यांच्या तोंडात कोणी एकदा तरी डोकावले अशा बाया शंभरात एक नाहीत, पुरुष शंभरात जेमतेम एक.

श्वास ज्या तोंडातून बाहेर येतो त्या तोंडात अजून कोणी पाहिलेले नाही आणि आपण श्वासातल्या अब्जाव्या भागाची चर्चा करतो आहोत.

आमच्या कामातली एक घटना सांगतो. नाव-गाव मुद्दाम देत नाही. शिबिरात एका मावशींच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. लहानपणापासून मशेरी. तिखट लागले की आग व्हायची, म्हणून त्यांनी भाजीत मिरची टाकणे सोडून दिले होते, एवढेच. आम्ही चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवले. पहिल्या दिवशी केसपेपर काढण्यात वेळ गेला, दुसऱ्या खेपेला तुकडा काढायची तारीख मिळाली, ती पाच आठवड्यांनंतरची. त्या तारखेला डॉक्टर नव्हते. मावशी चार घरी भांडी घासतात. तीन दिवस खाडा झाल्यावर एका घराने दुसरी बाई ठेवली. चौथ्यांदा मावशी गेल्या नाहीत. आम्हाला हे कळायला चार महिने लागले आणि ही चूक आमची आहे. तपासणी करून चिठ्ठी दिली की काम झाले असे आम्ही धरले होते. परत नेले तेव्हा चट्ट्याची जखम झाली होती. ऑपरेशन झाले, शेक झाला, योजनेच्या कार्डावर उपचाराचा खर्चही भागला. पण कार्डाचा उपयोग सुरू झाला तो निदान हातात आल्यावर. त्याआधीच्या खेपा, रिक्षा, बुडालेली घरे, हे सगळे पदरचे. मावशी आज आहेत, बोलणे थोडे अस्पष्ट येते.

त्यांच्या बाबतीत आजार ओळखायला उशीर झालाच नव्हता. चट्टा पहिल्याच दिवशी, दहा सेकंदांत, टॉर्चच्या उजेडात दिसला होता. जगातले सर्वांत हुशार नाक त्या दिवशी विहारात असते तरी पुढचे चार महिने तसेच गेले असते.

अजून एक भीती आहे आणि ती आपल्याच समाजाला नीट समजेल. आपल्या आजोबा-पणजोबांना वासावरून हिणवले गेले आहे. कातड्याचा वास, मैल्याचा वास, वस्तीचा वास. आता यंत्र येऊन सांगणार की हिच्या श्वासात काहीतरी आहे. कोरोनाच्या काळात श्वासाची भीती काय करते ते आपण पाहिले आहे. कॅन्सर संसर्गजन्य नाही, हे आजही वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. लोक ताट-वाटी वेगळी करतात. अशा ठिकाणी रांगेत उभे करून फुंकर मारायला लावली आणि तिथल्या तिथे लाल दिवा लागला, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. खऱ्या एकामागे पन्नास खोटे दिवे लागणार असतील तर पन्नास घरांत हे होईल. आणि कंत्राटदाराच्या हातात हे यंत्र गेले तर? सफाई कामगाराला कामावर घेण्याआधी फुंकर मारून घेतली आणि दिवा लागला म्हणून परत पाठवले, असे होणार नाही याची हमी आज कोणत्याही कागदावर नाही.

त्यामुळे उद्या कोणी संस्था किंवा कंपनी आपल्या वस्तीत श्वासाच्या चाचणीचा अभ्यास घेऊन आली, तर तिला नुसते हार घालू नयेत आणि हाकलूनही लावू नये. आपला श्वास त्या अभ्यासात असायलाच हवा, नाहीतर यंत्र आपल्याला कधीच ओळखणार नाही. पण संमतीचा कागद मराठीत, मोठ्याने वाचून दाखवलेला हवा आणि नाही म्हणायची मुभा खरी हवी. ज्यांचा दिवा लागेल त्यांच्या पुढच्या सगळ्या तपासण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देणार, हे पहिली फुंकर मारण्याआधी लिहून घ्यावे. ज्या गटाला नवी तपासणी मिळणार नाही, त्याला निदान आज सिद्ध झालेली तपासणी, म्हणजे टॉर्च, व्हाया, एचपीव्ही, मिळालीच पाहिजे. 'तुम्हाला तसेही काही मिळत नव्हते' हे उत्तर दुसऱ्यांदा ऐकून घेऊ नये. निकाल माणसाच्या हातात एकांतात द्यावा आणि त्याची प्रत मालकाला, कंत्राटदाराला मिळू नये. यंत्र यशस्वी ठरले तर ते पहिल्यांदा कुठे बसणार, हेही आत्ताच विचारावे. वकील आणि डॉक्टर झालेली आपली मुले-मुली यासाठी उपयोगी पडू शकतात. नुसत्या वर्गण्यांपेक्षा ही मदत मोठी ठरेल.

तोवर ग्रुपवर विचारणाऱ्या ताईंना आम्ही असे कळवले आहे: मशीन सध्या नाही आणि आले तरी आधी त्याची उलटतपासणी होईल. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात दोन नर्सताई टॉर्च घेऊन बसतील. मशेरी, तंबाखू, खर्रा, काहीही घेणाऱ्या प्रत्येकाने तोंड दाखवून जावे, पुरुषांनीही. व्हाया तपासणी बुधवारी दुपारी आरोग्य केंद्रात, तिथे फक्त महिला कर्मचारी असतील. ज्यांना पुढे पाठवावे लागेल त्यांच्याबरोबर तुकड्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मंडळाची एक जण प्रत्येक खेपेला जाईल. त्यासाठी सहा नावे हवी होती. काल रात्रीपर्यंत चार आली आहेत आणि त्यातले एक मावशींचे आहे.